गाडी सर्व्हिसिंगला देतांना



आजचा माझा विषय अगदीं घरगुती आहे. ज्यांच्या दारीं मोटार आहे, त्यांच्या घरीं वर्षांतून एकदां तरी अशी एक सकाळ येते कीं, त्या दिवशीं गाडी सर्व्हिसिंगला द्यावयाची असते. यजमान लवकर उठतात; गाडींतील चष्मा, छत्री, मुलांचीं खेळणीं घरांत आणून ठेवतात; शोरूमच्या कारखान्यांत जाऊन एका कागदावर सही करतात आणि रिक्षानें कचेरी गांठतात. संध्याकाळीं धुतलेली, चकचकीत गाडी परत मिळते व तिच्याबरोबर एक लांबलचक बिलहि मिळतें. गाडी स्वच्छ दिसते म्हणून आपण समाधान मानतों. बिलाचा आंकडा मोठा दिसतो म्हणून थोडें कुरकुरतों. परंतु सकाळची सही आणि संध्याकाळचें बिल या दोहोंच्या मधल्या आठ तासांत गाडीचें नेमकें काय झालें, हें आपणांस ठाऊक नसतें. त्या आठ तासांविषयीं आज मी चार शब्द बोलणार आहें.

पूर्वीं ही अडचण नव्हती. माझ्या लहानपणीं आमच्या घरीं प्रीमियर पद्मिनी होती. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून ती आली होती. तिची दुरुस्ती कोपऱ्यावरचा मिस्त्री करी. वडील तेथेंच स्टुलावर बसत. कार्बुरेटर उघडून पेट्रोलनें धुतला जाई, प्लग घासून पुन्हां बसविले जात आणि काढलेला जुना भाग मिस्त्री वडिलांच्या हातांत देऊन म्हणे, "साहेब, बघा, याचें आयुष्य संपलें." मिस्त्री चुकत नसे असें नाहीं, पण तो चुके तेव्हां वडिलांच्या डोळ्यांदेखत चुके.

पुढें काळ पालटला. १९८३ च्या डिसेंबरांत मारुती ८०० रस्त्यावर आली. कालांतरानें कार्बुरेटर गेला आणि संगणकाच्या हुकमानें पेट्रोल फवारणारी यंत्रणा आली. १ एप्रिल २०२० पासून धुराचे भारत स्टेज सहाचे कडक नियम लागू झाले व गाडीच्या पोटांत आणखी नाजूक उपकरणांची भर पडली. आज बिघाड शोधावयाचा तर मिस्त्री इंजिनाला कान लावून भागत नाहीं. स्टिअरिंगखालीं एक जोडणी असते, तींत यंत्र लावून संगणकानें नोंदलेली तक्रार वाचावी लागते. असलें काम पुरेशी साधनसामग्री असलेल्या कारखान्यांतच नीट होतें, यांत शंका नाहीं. पण या सुधारणेबरोबर मालकाचें स्टूल मात्र गेलें. आतां त्याला कांचेच्या भिंतीअलीकडे सोफ्यावर बसवितात आणि कॉफी देतात. गाडी आंत, मालक बाहेर.

जेथें आपले डोळे पोंचत नाहींत, तेथें आपल्या वतीनें कागदानें पाहिलें पाहिजे, हेंच आज मला सांगावयाचें आहे. हे कागद तीन आहेत: गाडीबरोबर मिळालेली माहितीपुस्तिका, सकाळीं सही केलेलें जॉब कार्ड आणि संध्याकाळचें बिल. हे तीन कागद जो एकमेकांशीं ताडून पाहतो, त्याला यंत्रशास्त्राचें एक अक्षर ठाऊक नसलें तरी चालतें. जो पाहत नाहीं, त्याच्यावर कोणता प्रसंग येऊं शकतो, हें मी स्वतःच्याच अनुभवावरून सांगतों.

तीन वर्षांपूर्वीं गणपतीस आम्ही कोंकणांत निघालों होतों. निघण्यापूर्वीं आठ दिवस गाडी सर्व्हिसिंगला दिली. गाडी घेण्यास जो तरुण समोर आला, त्याला मीं बोलतां बोलतां सांगितलें कीं, अलीकडे ब्रेकचें पेडल जरा मऊ लागतें. त्यानें मान हलविली, संगणकावर कांहीं टिपलें आणि कागद पुढें केला. मीं सही केली. संध्याकाळीं गाडी मिळाली. बिल मोठें होतें. पण ब्रेक पाहिला असेलच, असें मीं गृहीत धरलें.

पौड, मुळशी मागें टाकून आम्ही ताम्हिणी घाट उतरूं लागलों. पाऊस होता. गाडींत वृद्ध मातोश्री, पत्नी आणि दोन मुलें. उतार लांब, वळणें पुष्कळ. मी एकसारखा ब्रेकवर पाय ठेवून उतरत होतों. अर्ध्या उतारावर एका वळणापाशीं पेडल दाबलें आणि तें कांहींहि विरोध न करतां थेट तळाशीं गेलें. त्या क्षणाचें वर्णन मी करणार नाहीं. गिअर दुसऱ्यावर, मग पहिल्यावर आणला, हातब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या चरांत घालून थांबविली. कोणास इजा झाली नाहीं. मुलांना वाटलें, बाबा धबधबा दाखविण्यासाठीं थांबले. मातोश्रींना मात्र सर्व समजलें होतें. त्या कांहीं बोलल्या नाहींत.

तासाभरानें पेडल पुन्हां पूर्ववत् लागूं लागलें. अत्यंत मंद गतीनें माणगांव गांठलें. तेथील मिस्त्रीनें ब्रेकच्या द्रवाचें भांडें उघडून दाखविलें. आंतील द्रव काळ्या चहासारखा झाला होता. गाडी चार वर्षांची होती आणि तो द्रव चार वर्षांत एकदांहि बदललेला नव्हता.

असें कां होतें, हें थोडक्यांत सांगतों. आपण पेडल दाबतों तेव्हां पायाचा जोर एका द्रवामार्फत चाकांपर्यंत जातो. द्रव दाबला जात नाहीं, म्हणूनच हा जोर पोंचतो. परंतु या द्रवाला हवेंतील ओलावा शोषून घेण्याची खोड असते. झांकण घट्ट असलें तरी रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षें थोडें थोडें पाणी त्यांत शिरतें. आपल्याकडे हा द्रव सामान्यतः डॉट ३ किंवा डॉट ४ या नांवानें मिळतो. ताजा डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळूं नये, असें मानक आहे. परंतु पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मिसळलें म्हणजे ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ च्या बाबतींत हेच आंकडे २३० आणि १५५ असे आहेत. घाटांत एकसारखा ब्रेक दाबला म्हणजे चाकांपाशीं भयंकर उष्णता उत्पन्न होते, जुना द्रव उकळतो व त्यांत वाफेचे बुडबुडे येतात. वाफ मात्र दाबली जाते. मग पायाचा सारा जोर वाफ दाबण्यांत खर्च होतो, चाकापर्यंत कांहींच पोंचत नाहीं. गाडी थंड झाली, वाफ निवाली कीं पेडल पुन्हां ठीक! शहरांतल्या सपाट रस्त्यावर हा दोष वर्षभर दडून राहतो आणि नेमका घाटांत प्रकट होतो.

परत आल्यावर मी संतापानें कारखान्यांत गेलों. व्यवस्थापकांनीं शांतपणें माझें जॉब कार्ड काढून पुढें ठेवलें. "साहेब, यांत ब्रेकची तक्रारच नाहीं." खरोखरच नव्हती. तक्रारीच्या रकान्यांत 'जनरल चेकअप' एवढेच दोन शब्द होते आणि खालीं माझी सही होती. बिलांत अकरा बाबी होत्या. वातानुकूलन यंत्राची जंतुनाशक फवारणी होती, आंतील बैठकींची सफाई होती, इंजिनावर चकाकी आणणारा लेप होता. ब्रेकच्या द्रवाचें नांव नव्हतें. घरीं येऊन चार वर्षें कप्प्यांत पडून असलेली माहितीपुस्तिका मीं प्रथमच उघडली. तींत स्पष्ट लिहिलें होतें: ब्रेकचा द्रव दर दोन वर्षांनीं बदलावा.

चूक कोणाची? कारखान्याची खासच. वेळापत्रकांतील काम त्यांनीं न सांगतां करावयास हवें होतें आणि तोंडीं सांगितलेलें लिहून घ्यावयास हवें होतें. परंतु पुस्तिका माझी, सही माझी, बिलहि माझ्याच हातांत. तिन्ही कागद मजजवळ होते आणि मीं एकहि वाचला नव्हता. घाटांत ब्रेकवर पाय ठेवून उतरलों, हा दोषहि माझाच. उतारावर खालच्या गिअरमध्यें इंजिनाच्या रोधानें उतरावें, हा नियम मला ठाऊक होता.

आतां एकेका कागदाकडे वळूं.

पहिला कागद पुस्तिका. तिच्या शेवटच्या भागांत देखभालीचें वेळापत्रक असतें. त्यांत किलोमीटर आणि महिने असे दोन आंकडे असतात व 'यांपैकीं जें आधीं होईल तें' अशी अट असते. अनेक पेट्रोल गाड्यांना हा काळ दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष असा असतो. "आमची गाडी फारशी फिरतच नाहीं," असें म्हणून दोन दोन वर्षें सर्व्हिसिंग टाळणारे गृहस्थ मला माहीत आहेत. त्यांनीं महिन्यांची अट लक्षांत घ्यावी. जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीचें इंजिन पुरतें तापत नाहीं; त्यामुळें ऑइलमध्यें ओलावा व न जळलेलें पेट्रोल साचतें आणि गाडी न चालतांहि ऑइल खराब होतें.

वेळापत्रकांत कांहीं वस्तु 'बदलावी' म्हणून आणि कांहीं 'तपासावी' म्हणून सांगितलेल्या असतात. हा भेद महत्त्वाचा आहे. इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर ठरल्या वेळीं बदलावयाचा. ब्रेक पॅड तपासून, झिजले असतील तरच बदलावयाचे. हवेचा फिल्टर, वातानुकूलन यंत्राचा फिल्टर, इंजिन थंड ठेवणारें कूलंट, प्लग यांचीं अंतरें निरनिराळीं असतात. सर्व्हिसिंगला जाण्याच्या आदल्या रात्रीं पुस्तिका उघडावी, आपल्या गाडीचे किलोमीटर व वय पाहावें आणि या खेपेस काय बदलावयाचें व काय तपासावयाचें, याची लहानशी यादी करावी. दहा मिनिटांचें काम आहे. घरांत शाळकरी मुलगा किंवा मुलगी असेल तर त्यांच्याकडून करवावें. त्यांना तें फार आवडतें.

दुसरा कागद जॉब कार्ड. हा करार आहे, असें समजा. कारखान्यांत प्रत्यक्ष काम करणारा कारागीर आपणांस भेटत नाहीं. आपणांस भेटतो तो सर्व्हिस ॲडव्हायझर. आपलें म्हणणें त्या कार्डावरूनच कारागिराला कळतें. जें कार्डावर नाहीं, तें त्याच्यापुरतें जगांतच नाहीं.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. वैद्याकडे जातांना आपण लक्षणें सांगतों, औषध सांगत नाहीं. गाडीचेंहि तसेंच. "माझें अलाइनमेंट करा," असें सांगूं नये. "सपाट रस्त्यावर स्टिअरिंग सैल सोडलें कीं गाडी डावीकडे ओढते," असें सांगावें. अलाइनमेंटचा दोष असेल, कदाचित् एका टायरांत हवाच कमी असेल. "ऐंशी ते शंभरच्या वेगांत स्टिअरिंग थरथरतें," असें सांगितलें तर जाणता मनुष्य प्रथम चाकांचें बॅलन्सिंग पाहील. "ब्रेक दाबल्यावर थरथरतें," असें सांगितलें तर तो ब्रेकच्या तबकड्यांकडे वळेल. "पूर्ण वळण घेतांना पुढच्या चाकाशीं टकटक होतें," यावरून त्याचा संशय चाकाला शक्ति पोंचविणाऱ्या सांध्यावर जाईल. आवाज सकाळीं थंड गाडींत येतो कीं तापल्यावर, पावसांत येतो कीं कोरड्या दिवशीं, हेंहि सांगावें. शक्य असल्यास ॲडव्हायझरला शेजारीं बसवून एक फेरी मारावी आणि आवाज ऐकवावा.

आणखी एक. जो गाडी चालवितो, त्यानेंच तक्रार सांगावी. कित्येक घरीं गाडी रोज गृहिणी चालविते आणि कारखान्यांत मात्र यजमान जातात. मग "ती म्हणत होती, कांहींतरी वाजतें," एवढेंच कार्डावर चढतें. बाईंना जाणें शक्य नसेल तर त्यांनीं चार ओळी लिहून द्याव्या.

सही करण्यापूर्वीं कार्ड मोठ्यानें वाचावयास सांगावें. आपली प्रत्येक तक्रार आपल्याच शब्दांत आली आहे कीं नाहीं, हें पाहावें. 'जनरल चेकअप' हे दोन शब्द दिसले तर ॲडव्हायझरला थांबवावें. किलोमीटरचा आंकडा, पेट्रोलची पातळी, गाडीवरील जुने ओरखडे यांची नोंद पाहावी. चारी बाजूंनीं मोबाइलवर छायाचित्रें घ्यावीं. अंदाजे खर्च करासह लिहून घ्यावा आणि 'याहून अधिक काम विचारल्याशिवाय करूं नये' अशी ओळ घालून घ्यावी. या सर्वांस पांच मिनिटें अधिक लागतील. ॲडव्हायझर घाईंत असेल, मागें रांगहि असेल. तरी संकोच करूं नये. नम्रपणें, हंसतमुखानें, पण लिहवून घ्यावें.

दुपारीं बहुधा फोन येतो. "साहेब, गाडीचें इंजिन आंतून स्वच्छ करून घेऊं या," "फवारणीचे नोझल साफ करूं," "खालून गंजरोधक लेप देऊं," "ब्रेक पॅड झिजलेत." या सूचना ऐकून एक वर्ग लगेच हो म्हणतो आणि दुसरा वर्ग सर्वच लबाडी समजून नाहीं म्हणतो. दोन्ही वर्ग चुकतात. विक्रेता ही गाडी बनविणाऱ्या कंपनीहून वेगळी पेढी असते. नवी गाडी विकून तिला मिळणारा नफा बेताचा असतो. पेढीचा संसार पुष्कळ अंशीं सर्व्हिसिंगवर आणि सुट्या भागांवर चालतो. अनेक ठिकाणीं ॲडव्हायझरवर विक्रीचा ठराविक आंकडा गांठण्याचें ओझेंहि असतें. म्हणून प्रत्येक सूचना गरजेपोटींच आलेली असते असें नाहीं. परंतु तिच्यांतली एखादी सूचना आपला जीव वांचविणारी असूं शकते. तेव्हां निवड कशी करावी?

मी चार प्रश्न विचारतों. पहिला: हें काम पुस्तिकेच्या वेळापत्रकांत आहे काय? दुसरा: मोजून पाहिलें काय आणि माप किती भरलें? तिसरा: आज न केल्यास काय होईल आणि केव्हां होईल? चौथा: भाग, मजुरी व कर धरून एकूण किती? ज्या सूचनेंत तथ्य असतें, तिला या चारी प्रश्नांचीं सरळ उत्तरें असतात. ब्रेक पॅड किती मिलिमीटर उरले, हें सांगतां येतें व छायाचित्र पाठवितां येतें. टायरच्या खांचेची खोली मोजतां येते, ती १.६ मिलिमीटरवर आली म्हणजे टायर कायद्यानेंहि बाद ठरतो आणि खांचेंतच त्या उंचीचे लहान उंचवटे खुणेसाठीं असतात. टायरच्या अंगावर चार अंकांत जन्मतारीखहि असते: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. बॅटरी यंत्रावर तपासून चिठ्ठी देतां येते. याउलट "सगळेच करून घेतात, साहेब" याखेरीज ज्या कामास कारण नाहीं, तें पुढच्या खेपेस ठेवण्यास हरकत नाहीं. ब्रेक, टायर आणि स्टिअरिंग या तीन बाबतींत मात्र मापानें दोष दिसला तर कसर करूं नये.

तिसरा कागद बिल. तें पैसे देण्यापूर्वीं वाचावें. दिल्यानंतरचें वाचन हें वाङ्मयीन वाचन होय! बिलाचे साधारणतः तीन भाग असतात: सुटे भाग, ऑइल वगैरे द्रव आणि मजुरी. त्यांवर केंद्राचा व राज्याचा मिळून वस्तु व सेवा कर लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वीं बहुतेक सुट्या भागांवर तो २८ टक्के होता. त्या दिवसापासून मजुरीप्रमाणें भागांवरहि १८ टक्के झाला. नव्या गाडीच्या पहिल्या कांहीं सर्व्हिसिंगांस 'फुकट' म्हणतात. त्याचा अर्थ मजुरी फुकट एवढाच. ऑइलचे व फिल्टरचे पैसे पडतात. हें आधीं ठाऊक असलें म्हणजे काउंटरवरचा वाद टळतो.

ऑइलची ओळ विशेष पाहावी. पुस्तिकेंत ऑइलची जात आणि इंजिनांत मावणारें माप, दोन्ही दिलेलीं असतात. लहान पेट्रोल गाडीला फिल्टरसह साधारण तीन ते साडेतीन लिटर लागतें. पुस्तिकेंत ०डब्ल्यू-२० लिहिलें असून बिलांत दुसरीच जात असेल, किंवा साडेतीन लिटरच्या इंजिनाला साडेचार लिटर लावलें असेल, तर विचारावें. 'कंझ्युमेबल्स' या मोघम नांवाखालीं रक्कम असेल तर तींत काय आलें, तेंहि विचारावें. बदललेले जुने भाग दाखविण्यास सांगावें. वॉरंटींत बदललेला भाग कंपनीकडे परत जातो, बाकीचे पाहावयास मिळण्यास अडचण नसावी.

मग आपले तिन्ही कागद शेजारीं शेजारीं ठेवावे. पुस्तिकेंत सांगितलेलें कार्डावर आलें काय? कार्डावरचें बिलांत आलें काय? बिलांतलें गाडींत दिसतें काय? हवेच्या फिल्टरचें झांकण उघडून नवा फिल्टर पाहतां येतो. गाडी सपाट जागेवर असतां, इंजिन बंद करून कांहीं मिनिटांनीं ऑइलची कांडी पुसून बुडवावी. ऑइल दोन खुणांच्या मध्यें व रंगानें स्वच्छ हवें. समोरच्या पटलावर एखादा धोक्याचा दिवा पेटलेला राहिला नाहींना, हें पाहावें. शेवटीं ॲडव्हायझरला घेऊन एक फेरी मारावी आणि जी तक्रार लिहिली होती, ती गेली कीं नाहीं, हें पाहूनच किल्ली घ्यावी. गाडी धुतलेली आहे, हा तिच्या ब्रेकविषयींचा पुरावा नव्हे.

आतां एक प्रश्न नेहमीं विचारला जातो: सर्व्हिसिंग शोरूमच्या कारखान्यांतच केलें पाहिजे काय? वॉरंटीच्या मुदतींत तेथेंच करणें सोयीचें असतें, कारण प्रत्येक खेपेची नोंद कंपनीपाशीं राहते आणि वाद उद्भवत नाहीं. परंतु बाहेर हात लावला कीं सारी वॉरंटी गेली, ही समजूत बरोबर नाहीं. भारतीय स्पर्धा आयोगानें २५ ऑगस्ट २०१४ च्या निर्णयांत चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारें २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग व दुरुस्तीची माहिती आपल्याच जाळ्यांत अडकवून ठेवल्याबद्दल हा दंड होता. स्वतंत्र मिस्त्रीकडून काम करून घेतलें एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करूं नये. बाहेरच्या सदोष कामामुळें बिघाड झाला असेल तर मात्र त्यापुरती नाकारतां येईल, असें आयोगानें म्हटलें होतें. हें प्रकरण पुढें अपीलांत गेलें. तथापि त्यांतील तत्त्व ग्राहकानें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. २४ डिसेंबर २०२२ रोजीं केंद्र सरकारच्या ग्राहक विभागानें दुरुस्तीच्या हक्कासाठीं एक संकेतस्थळहि सुरू केलें. मोटारींचा त्यांत समावेश आहे.

वॉरंटी संपल्यावर विश्वासाचा मिस्त्री असेल तर नेहमींचीं कामें त्याच्याकडे खुशाल द्यावीं. संगणकाशीं वा सुरक्षेच्या विशेष उपकरणांशीं संबंधित कामें मात्र त्या साधनांच्या जागींच न्यावीं. कोठेंहि गेलों तरी बिल घ्यावेंच. गाडी विकतांना बिलांची फाइल पाहून घेणारा चार पैसे अधिक देतो, हा त्याचा वेगळा लाभ. कंपनीनें आपल्या गाडीसाठीं एखादा दोष दूर करण्याची मोहीम काढली आहे काय, हेंहि सर्व्हिसिंगच्या वेळीं चासी क्रमांक देऊन विचारावें; तशी दुरुस्ती विनामूल्य असते. मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीनें सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार सरकारलाहि मिळाला आहे.

इतकें करूनहि फसगत झालीच तर? प्रथम कारखान्याच्या व्यवस्थापकाला, नंतर कंपनीच्या ग्राहक विभागाला लेखी कळवावें. तेवढ्यानें न भागल्यास राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यापुढें २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. तो २० जुलै २०२० पासून अंमलांत आला. सेवेंतील त्रुटीसाठीं जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आंत तक्रार करतां येते. दिलेली रक्कम पांच लाखांपर्यंत असेल तर शुल्कहि पडत नाहीं. मात्र तेथेंहि पहिला प्रश्न एकच विचारला जाईल: कागद कोठें आहे? माझ्याजवळ होता तो माझ्याविरुद्ध बोलणारा होता, म्हणून मी गेलों नाहीं.

शेवटीं एक गोष्ट सांगून मी आपली रजा घेतों. त्या प्रसंगानंतर मी दुसऱ्या कारखान्यांत गेलों नाहीं. त्याच कारखान्यांत जात राहिलों. दुसऱ्या वर्षीं तोच तरुण समोर आला. मीं यादी पुढें केली. त्यानें ती पाहिली, क्षणभर थांबला आणि ब्रेकची ओळ सर्वांत वर लिहिली. संध्याकाळीं गाडी घेतांना त्यानें मला कांचेपलीकडे नेलें व ज्यानें काम केलें होतें त्या कारागिराची गांठ घालून दिली. वंगणानें काळे झालेले हात फडक्यानें पुसत तो म्हणाला, "काका, सगळा द्रव काढून नवा भरलाय. पण घाट गिअरवर उतरा." आमच्या जुन्या मिस्त्रीच्या बोलण्यांत जी आपुलकी असे, तीच मला तेथें पुन्हां ऐकूं आली. कांचेपलीकडेहि कामाची चाड असलेलीं माणसें आहेत. आपलें म्हणणें त्यांच्यापर्यंत शुद्ध स्वरूपांत पोंचविणें एवढेंच आपलें काम आहे आणि तें कागदावांचून होत नाहीं.

त्या वर्षीं गणपतीला पुन्हां ताम्हिणीनेंच गेलों. त्याच वळणावर मातोश्रींनीं विचारलें, "पेडल कसें आहे रे?" मीं म्हटलें, "घट्ट आहे, आई." त्यावर त्यांनीं डोळे मिटले आणि माणगांव येईपर्यंत त्या निवांत झोंपल्या.